सोळा डॉलरचे ड्रम

क्रुपा हे नाव ऐकलं की आपल्यापैकी कुणालाही ते घरचंच वाटेल. आपल्या मंडळातच कृपा नावाच्या दोन-तीन जणी सहज सापडतील. पण मी ज्याच्याबद्दल लिहिणार आहे तो जीन क्रुपा शिकागोत जन्मलेला, पोलिश घरातला. पोलिश भाषेत क्रुपा म्हणजे भरडलेलं धान्य, कणी. त्याचंच ते लोक क्रुपनिक नावाचं सूप करतात. आपल्याकडे गव्हाणे आणि तांदळे असतात, तसाच हा त्यांच्याकडचा क्रुपा म्हणायचा.

मी १९८१ साली अमेरिकेत आलो आणि पहिली नोकरी लागली ती शिकागोच्या दक्षिण टोकाला, कॅल्युमेट नदीच्या बाजूच्या एका कारखान्यात. आमच्या खात्यातले निम्मेअधिक जुने कामगार पोलिश. त्यांतला एक म्हातारा फिटर जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर दोन चमच्यांनी असा काही ठेका धरायचा, की माझ्यासारख्या हौशी तबलजीचा घास हातात राहायचा. क्रुपाची ओळख मला त्याने करून दिली, आणि तीही एखाद्या गाववाल्याबद्दल सांगावं तशी. पुढे मी मिळतील त्या रेकॉर्ड ऐकल्या, मिळेल ते वाचलं. आपल्या मुलाबाळांना घेऊन या देशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ऐकावी अशी ही गोष्ट आहे, म्हणून यंदाच्या अंकासाठी लिहायला घेतली.

आधी ते गाव कसं होतं ते सांगतो. साउथ शिकागो म्हणजे पोलादाची वस्ती. मिशिगन सरोवराला कॅल्युमेट नदी मिळते त्या जागी १८८० च्या सुमारास एक मोठी रोलिंग मिल उभी राहिली. तीच पुढे 'साउथ वर्क्स' म्हणून ओळखली गेली. भरभराटीच्या दिवसांत तिथे वीस हजारांच्या आसपास माणसं काम करत. भट्ट्यांचा लाल उजेड रात्रभर आकाशात असायचा आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची. कामाला माणसं आली ती पोलंडच्या खेड्यांतून. मुळात पोलंड नावाचा देश तेव्हा नकाशावर नव्हताच, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. देश नसलेल्या या माणसांनी शिकागोत आधी चर्चं बांधली. चर्चच्या भोवती शाळा, शाळेभोवती घरं, आणि घरांच्या मध्येमध्ये खानावळी आणि गुत्ते. वॉर्साच्या खालोखाल पोलिश लोक शिकागोत, असं तिथे अभिमानाने म्हणायची पद्धत होती. लग्न असो की बारसं, अकॉर्डियन, क्लॅरिनेट आणि व्हायोलिन घेऊन वाजवणारे हजर. दिवसा भट्टीवर काम करायचं आणि शनिवारी रात्री लग्नात वाजवायचं, असा कितीतरी जणांचा शिरस्ता होता.

याच वस्तीत १५ जानेवारी १९०९ रोजी यूजीन बर्ट्रम क्रुपाचा जन्म झाला. नऊ भावंडांतला हा सगळ्यात धाकटा. वडील बार्थोलोम्यू पोलंडमधून आलेले, आई ॲना पेनसिल्व्हेनियात पोलिश घरात जन्मलेली. जीन लहान असतानाच वडील गेले. नऊ लेकरांचा संसार आईने बायकांच्या हॅट शिवून ओढला. पोरं जरा मोठी झाली की कामाला लागायची. अकराव्या वर्षी जीनचीही पाळी आली. थोरला भाऊ पीट वाद्यांच्या एका दुकानात नोकरीला होता, त्याने धाकट्यालाही तिथेच पडेल ते काम करायला लावून घेतलं.

झाडलोट करता करता पोरगा दुकानातला कॅटलॉग चाळायचा. काहीतरी वाजवायचं, एवढंच त्याचं ठरलेलं. पियानो असो, ट्रम्पेट असो, त्याची ना नव्हती. पण पैशांचं गणित वेगळं. त्या कॅटलॉगमधली सगळ्यात स्वस्त वस्तू होती जपानी बनावटीचा ड्रमसेट, किंमत सोळा डॉलर. एक भला मोठा बेस ड्रम, त्यावर पितळी झांज, एक स्नेअर आणि एक लाकडी ठोकळा. जगातला सर्वांत प्रसिद्ध ड्रमवादक ड्रमकडे वळला तो असा, खिशाला परवडलं म्हणून!

आईची इच्छा मात्र निराळी होती. कडक कॅथलिक घर. नवातला एक तरी मुलगा देवाच्या कामी लागावा, पाद्री व्हावा असं तिला मनापासून वाटायचं. तुम्ही-आम्ही इथे मुलांना डॉक्टर करायला निघतो, त्यातलाच हा प्रकार. त्या वस्तीत घरात पाद्री असणं यापेक्षा मोठा मान नव्हता. जीननेही आईचा मान राखला. इंडियानामधल्या रेन्सलिअर गावी सेंट जोसेफ्स कॉलेज होतं, तिथे तो पाद्री होण्यासाठी दाखल झाला. गंमत अशी, की तिथे भेटलेले फादर इल्डेफॉन्स रॅप हे संगीताचे शिक्षक. त्यांनी त्याला पाश्चात्त्य अभिजात संगीताची गोडी लावली, संगीताकडे मोकळ्या मनाने पाहायला शिकवलं. वर्षभरात जीनला कळून चुकलं की आपला पिंड पाद्र्याचा नाही. तो परत आला. नऊ पोरं एकटीने वाढवलेल्या त्या बाईच्या मनाला काय वाटलं असेल! पण तिने त्याला घराबाहेर काढलं नाही की त्याचे ड्रम फोडले नाहीत. माझ्या मते या गोष्टीतला पहिला मोठा माणूस ती आई आहे.

१९२५ मध्ये तो वादकांच्या युनियनचा सभासद झाला आणि डान्स बँडमधून वाजवू लागला. त्याचं खरं विद्यापीठ मात्र शिकागोच्या दक्षिण भागातले क्लब. न्यू ऑर्लिन्सहून आलेले कृष्णवर्णीय कलावंत तिथे रात्र रात्र वाजवत. बेबी डॉड्स, झुटी सिंगलटन, टबी हॉल हे ड्रमवादक जीनने जवळ बसून, डोळ्यांत तेल घालून पाहिले. बेबी डॉड्सकडून आपण काय काय उचललं हे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. गंडा बांधला नसला तरी गुरूचं नाव घ्यायला तो कधी चुकला नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये एडी काँडन आणि रेड मॅकेन्झी यांच्या मंडळींबरोबर त्याने रेकॉर्डिंग केलं. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्या काळात रेकॉर्डिंगला बेस ड्रम सहसा वाजवूच देत नसत. त्याच्या धक्क्याने सुई उडेल अशी यंत्रवाल्यांना भीती. जीनने आपला पूर्ण सेट मांडला, आणि थोड्या कुरकुरीनंतर त्याला वाजवू दिलं गेलं. जॅझच्या रेकॉर्डवर पूर्ण ड्रमसेट नीट ऐकू येतो अशा सुरुवातीच्या मोजक्या नमुन्यांत या रेकॉर्डची गणना होते.

इथे जरा थांबून दुसऱ्या एका वाटेबद्दल सांगायला हवं, कारण क्रुपाचं वेगळेपण त्याशिवाय लक्षात येत नाही. शिकागोत पोलिश वाद्यवृंदांची मोठी परंपरा होती. तिच्यातला सर्वांत गाजलेला माणूस म्हणजे १९३० साली जन्मलेला वॉल्टर यागीएलो ऊर्फ लिल वॉली. हाही ड्रम वाजवायचा. लहानपणापासून तो डिव्हिजन स्ट्रीटवरच्या गुत्त्यांमध्ये पोलिश गाणी म्हणायचा. पुढे त्याने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि खेड्यातल्या ठेक्याच्या जवळ जाणारा, संथ, मोकळा असा 'शिकागो पोल्का' लोकप्रिय केला. १९५९ मध्ये व्हाइट सॉक्स संघासाठी जे गाणं गाजलं, त्याच्या निर्मितीतही त्याचा हात होता. लिल वॉलीने आजोबांची भाषा आणि आजोबांचा ताल धरून ठेवला. क्रुपा शेजारच्या वस्तीत गेला आणि तिथला ताल शिकून आला. दोघंही एकाच मातीतले. आपल्या घरांतही एक मूल तबल्याच्या क्लासला जातं आणि दुसरं शाळेच्या बँडमध्ये, तेव्हा यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं मला तरी म्हणवत नाही.

असो. १९२९ मध्ये क्रुपा न्यूयॉर्कला गेला. तिथे रेड निकोल्सच्या बँडमध्ये, ब्रॉडवेवर गर्शविनच्या संगीतिकांच्या वाद्यवृंदात, अशी मिळतील ती कामं केली. मिरवण्यासारखं काही नव्हतं, पण पोट भरत होतं. डिसेंबर १९३४ मध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनने त्याला बोलावलं. गुडमनही शिकागोचाच, गरीब ज्यू घरातला, तोही भरपूर भावंडांतला. १९३५ च्या उन्हाळ्यात हा बँड दौऱ्यावर निघाला. ठिकठिकाणी लोकांनी थंडा प्रतिसाद दिला, इतका की बँड मोडायची वेळ आली. शेवटी २१ ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये मंडळींनी ठरवलं, बुडायचंच आहे तर आपल्या मनासारखं वाजवून बुडू. आणि तरुण पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. अमेरिकेतला स्विंगचा जमाना त्या रात्री सुरू झाला असं मानतात.

त्याच सुमारास गुडमन, क्रुपा आणि कृष्णवर्णीय पियानोवादक टेडी विल्सन असं त्रिकूट जमलं. १९३६ च्या ईस्टरला शिकागोच्या काँग्रेस हॉटेलात या तिघांनी तिकीट लावून जाहीर कार्यक्रम केला. गोरे आणि काळे कलावंत एकाच मंचावर बसून वाजवताहेत, हे तेव्हा मोठ्या हॉटेलांत चालत नसे. पुढे व्हायब्राफोनवादक लायोनल हॅम्प्टन आला आणि त्रिकुटाची चौकडी झाली. एक ज्यू, एक पोलिश आणि दोन कृष्णवर्णीय! बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला १९४७ मध्ये, म्हणजे या मंडळींनंतर अकरा वर्षांनी.

आता थोडं वाद्याबद्दल, कारण तबला वाजवणाऱ्याला राहवत नाही. आपण गठ्ठे ठोकून तबला सुरात लावतो. त्या काळचे टॉम-टॉम मुळात चिनी ढोल. त्यांचं कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असायचं, सूर उतरला तर ड्रम शेकायचा एवढाच उपाय. क्रुपाने शिकागोच्याच स्लिंगरलँड या ड्रम कंपनीच्या मागे लागून वरची आणि खालची दोन्ही पानं आवळता येतील असे टॉम-टॉम बनवून घेतले. झांजांच्या बाबतीत तो गेला झिल्डजियन घराण्याकडे. हे इस्तंबूलचे आर्मेनियन, पिढ्यान्‌पिढ्या झांजा घडवणारे, १९२९ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये कारखाना टाकला होता. त्यांच्याशी बोलून क्रुपाने पातळ, चटकन झणकार देणाऱ्या झांजा करवून घेतल्या. चिनी ढोल, तुर्की झांजा, आर्मेनियन कारागीर, पोलिश वादक आणि कृष्णवर्णीयांचा ताल. अमेरिकन ड्रमसेट हे असं बाहेरून आलेल्या सगळ्यांनी मिळून बनवलेलं वाद्य आहे. आज कुठल्याही शाळेच्या बँडरूममध्ये दिसणारी मांडणी पुष्कळशी क्रुपानेच रूढ केली.

कीर्ती वाढत होती, पण माणसाचं डोकं ठिकाणावर होतं. ११ मे १९३७ रोजी हार्लेममधल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये गुडमनचा बँड आणि चिक वेबचा बँड यांचा सामना ठरला. आत चार हजार माणसं, बाहेर आणखी हजारो. चिक वेब हा लहानपणी मणक्याच्या क्षयाने वाढ खुंटलेला, पाठीला कुबड असलेला, ठेंगणा ड्रमवादक. पण त्या रात्री त्याने असं वाजवलं की क्रुपाने सर्वांसमोर कमरेत वाकून त्याला मुजरा केला. आपण हरलो हे पुढेही त्याने कधी लपवलं नाही.

त्याच वर्षी ६ जुलैला 'सिंग, सिंग, सिंग' ध्वनिमुद्रित झालं. मूळ रचना लुई प्रीमाची. एरवी रेकॉर्ड तीन मिनिटांची असायची, ही साडेआठ मिनिटांच्या पुढे गेली आणि तबकडीच्या दोन्ही बाजू तिने व्यापल्या. सगळ्याच्या मुळाशी क्रुपाचा तो टॉम-टॉमचा घुमणारा ठेका. १६ जानेवारी १९३८ रोजी कार्नेगी हॉलमध्ये या बँडचा कार्यक्रम झाला. अभिजात संगीताच्या त्या देवळात जॅझवाले, हीच मोठी बातमी. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण १९५० मध्ये बाजारात आलं, आजही मिळतं. जरूर ऐका. सुरुवातीला सगळे थोडे बिचकलेले आहेत, आणि मागून क्रुपाच त्यांना ढकलत पुढे नेतो आहे हे कानाला स्पष्ट कळतं.

त्यानंतर दोनच महिन्यांत त्याने गुडमनला सोडलं आणि एप्रिल १९३८ मध्ये स्वतःचा बँड काढला. तोवर ड्रमवादक म्हणजे मागच्या रांगेतला, ठेका धरणारा गडी. आता केस कपाळावर आलेले, तोंडात च्युइंगगम, घामाने निथळणारा हा देखणा पोरगा मंचाच्या मध्यभागी आला. १९४१ च्या 'बॉल ऑफ फायर' सिनेमात तो काडेपेटीवर दोन काड्यांनी वाजवतो ते दृश्य मुलांना दाखवा, खूश होतील.

१९४१ मध्येच त्याने गायिका अनिता ओडे आणि कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिज यांना घेतलं. गोऱ्यांच्या बँडमध्ये एखादा काळा कलावंत खास पाहुणा म्हणून एखादी चीज वाजवून जायचा. रॉय मात्र रांगेत बरोबरीने बसायचा आणि अनिताबरोबर मंचावर गायचाही. दौऱ्यावर त्याला हॉटेलात खोली मिळायची नाही, जेवण मिळायचं नाही. एका खानावळीच्या मालकाने रॉयला जेवण नाकारलं तेव्हा क्रुपा त्याच्यावर धावून गेला. मारामारी झाली आणि प्रकरण पोलिसांत गेलं. आईने पाद्री करायला पाठवलेला मुलगा दुसऱ्याच्या ताटासाठी हातघाईवर आला. मला यात विसंगती दिसत नाही.

मग १९४३ उजाडलं. जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मारिजुआना बाळगल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. सामान आणायला पाठवलेला नोकर अल्पवयीन, त्यामुळे दुसरा जास्त गंभीर गुन्हाही लावला गेला. वर्तमानपत्रांनी तर उच्छाद मांडला. तो ८४ दिवस तुरुंगात होता. गंभीर गुन्ह्याची शिक्षा पुढे वरच्या कोर्टाने रद्द केली, पण तोवर बँड मोडला होता. बायको एथेलशी आदल्याच वर्षी घटस्फोट झाला होता. तरी या काळात तीच त्याच्या पाठीशी उभी राहिली. १९४६ मध्ये दोघांनी पुन्हा लग्न केलं.

सुटून आल्यावर लोकांना तोंड दाखवायचा त्याला धीर होईना. गुडमनने त्याला परत बोलावलं. मग १९४३ च्या अखेरीस टॉमी डॉर्सीच्या बँडबरोबर तो न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरात, आधी गाजावाजा न करता, ड्रमच्या मागे येऊन बसला. लोकांनी ओळखलं आणि उठून टाळ्यांचा कडकडाट केला. तो थांबेचना. क्रुपा तिथेच ढसाढसा रडला.

पुढे १९४४ मध्ये त्याने पुन्हा बँड उभा केला, तो १९५१ पर्यंत चालला. बीबॉप आलं तेव्हा नाक न मुरडता त्याने जेरी मलिगनसारख्या नव्या पोरांकडून चिजा लिहून घेतल्या. १९५२ मध्ये त्रिकूट घेऊन जपानला गेला. ज्या देशात त्याचा पहिला सोळा डॉलरचा सेट बनला होता, तिथे! न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या सॉल गुडमनकडे तो टिंपनी शिकला, म्हणजे नाव झाल्यावरही विद्यार्थी म्हणून बसला. १९५४ मध्ये कृष्णवर्णीय ड्रमवादक कोझी कोल याच्या भागीदारीत ड्रमची शाळा काढली. १९५५ मध्ये एथेल गेली. १९५९ मध्ये दुसरं लग्न झालं, दोन मुलं दत्तक घेतली. १९६० मध्ये हृदयविकाराचा झटका आला, वाजवणं कमी झालं, पण सुटलं नाही.

शेवटी रक्ताच्या कर्करोगाने गाठलं. ऑगस्ट १९७३ मध्ये सॅराटोगा स्प्रिंग्ज इथे गुडमन, विल्सन आणि हॅम्प्टन यांच्याबरोबर जुनी चौकडी पुन्हा बसली. तोच त्याचा अखेरचा कार्यक्रम ठरला. १६ ऑक्टोबर १९७३ रोजी न्यूयॉर्कजवळ याँकर्स इथे तो वारला, वय ६४. त्याला आणलं मात्र शिकागोकडे. कॅल्युमेट सिटीच्या होली क्रॉस दफनभूमीत, जन्मगावापासून थोड्या मैलांवर तो पुरला आहे.

साउथ वर्क्स १९९२ मध्ये बंद पडली. भट्ट्या गेल्या, पोलिश कुटुंबं पांगली, सेंट मायकल चर्चचा उंच मनोरा तेवढा त्या वस्तीवर उभा आहे. सेंट जोसेफ्स कॉलेजातलं शिक्षणही २०१७ मध्ये थांबलं. कारखाना, कॉलेज, दुकान, सगळं काळाच्या ओघात गेलं. राहिला तो एका विधवा बाईच्या धाकट्या मुलाने स्वस्तातल्या ढोलावर शोधलेला ठेका. या दिवाळीत फराळ झाल्यावर तो कार्नेगी हॉलचा कार्यक्रम लावा. घरातल्या पोराने टेबलावर बोटं वाजवायला सुरुवात केली, तर त्याला लगेच गप्प करू नका, एवढंच सांगणं.